नस मेलेला प्रौढ दात आणि रिजनरेटिव्ह रूट कॅनल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नस मेलेल्या दातात नवी नस खरंच उगवते का?

आज दवाखान्यात 'रिजनरेटिव्ह रूट कॅनल' म्हणून जी पद्धत वापरली जाते, तिने तरी नाही. मुळाच्या पोकळीत रक्त आणून त्याची गुठळी होऊ दिली की तिच्या आधाराने टोकाकडून जिवंत ऊती आत वाढतात, एवढं खरं आहे. पण असे दात पुढे इतर काही कारणाने काढावे लागले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा आत बहुतेक वेळा सिमेंटमसारखा (सिमेंटम म्हणजे मुळावरचं पातळ कठीण आवरण), हाडासारखा आणि मुळाभोवतीच्या तंतूंसारखा भाग सापडला. डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) तयार करणाऱ्या ओडोंटोब्लास्ट पेशींची शिस्तीत लागलेली रांग ही खऱ्या पल्पची, म्हणजे नसेची, ओळख. ती तिथे सहसा नसते. थोडक्यात, दाताच्या आत जिवंत, रक्तपुरवठा असलेला भाग येऊ शकतो. पण तो मूळच्या नसेची नक्कल नसतो. 'रिव्हायटलायझेशन' किंवा 'रिव्हॅस्क्युलरायझेशन' या नावांनीही साधारण हाच उपचार ओळखला जातो.

मग नेहमीच्या रूट कॅनलपेक्षा यात वेगळं काय?

शेवट वेगळा. नेहमीच्या उपचारात पोकळी साफ करून, आकार देऊन ती गट्टा-पर्चा हा रबरासारखा पदार्थ आणि सीलर नावाची चिकट पेस्ट यांनी टोकापर्यंत बंद करतात. इथे साफसफाईनंतर मुळाचा बराचसा भाग मुद्दाम रिकामा ठेवतात, त्यात रक्त भरू देतात आणि फक्त वरच्या तोंडाशी सिमेंटचं झाकण घालतात. त्यामुळे सफाईचं महत्त्व उलट वाढतं. गट्टा-पर्चा आणि सीलर काही उरलेले जंतू निदान आत गाडून तरी टाकतात. रक्ताची गुठळी म्हणजे त्यांच्यासाठी आयतं खाद्य.

ही पद्धत तर लहान मुलांच्या दातांसाठी होती ना?

हो, आणि तिथे तिची खरी गरजही आहे. मुळाच्या पोकळीतली रक्ताची गुठळी काय करू शकते, हा अभ्यास नायगार्ड-ऑस्टबी यांनी १९६१ मध्ये मांडला होता. आजची पद्धत रुळली ती २००१ मध्ये जपानमधील इवाया आणि सहकाऱ्यांनी, आणि २००४ मध्ये बँक्स व ट्रोप यांनी प्रसिद्ध केलेल्या केसेसनंतर. दोन्ही वेळा दात अर्धवट वाढलेले होते: मूळ आखूड, भिंती पातळ, टोक उघडं. अशा दातात मुळाची लांबी आणि भिंतीची जाडी वाढली तर दात मोडण्यापासून वाचू शकतो.

प्रौढाच्या दाताचं मूळ पूर्ण वाढलेलं असतं, भिंती भरलेल्या असतात. म्हणजे मुलांमध्ये जो सर्वात मोठा फायदा, तो मोठ्या माणसाला मिळण्याचा प्रश्नच येत नाही. उपचाराची जाहिरात करताना नेमका हाच मुद्दा गाळला जातो. 'दात पुन्हा मजबूत होतो' असं कुणी तुमच्या पस्तिशीतल्या दाताबद्दल सांगत असेल, तर त्याला आधार नाही.

मग प्रौढ दातात हे करायचं कशासाठी?

अपेक्षा अशी की रक्तपुरवठा असलेला भाग आत आला तर रोगप्रतिकारक पेशीही आत पोचतील, नव्याने शिरणाऱ्या जंतूंना थोडा तरी विरोध होईल आणि काही दातांत संवेदनाही परत येईल. शिवाय पोकळी पुढे पुन्हा भरायची गरज पडू नये, हाही विचार असतो. यातला पहिला भाग अजून तर्काच्या पातळीवर आहे. दीर्घकाळात दात जास्त टिकतो असं सिद्ध झालेलं नाही. २०१९ मध्ये मुळाच्या टोकाशी डाग (एक्स-रेत काळी दिसणारी, हाड झिजलेली जागा) असलेल्या, पूर्ण वाढलेल्या दातांवर एक छोटी यादृच्छिक चाचणी (रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेली) प्रसिद्ध झाली. तिच्यात वर्षभरानंतर नेहमीचा उपचार आणि ही पद्धत यांच्या यशात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ पद्धत वाईट नाही, पण सरसही ठरलेली नाही. पूर्ण वाढलेल्या दातासाठी नेहमीचं रूट कॅनल हाच आजही पहिला पर्याय आहे, आणि ते नीट केलं तर निकाल उत्तम असतात.

मोठ्यांच्या दातात अडचण नेमकी कुठे येते?

तीन ठिकाणी. सर्वात उघड अडचण छिद्राची. अर्धवट वाढलेल्या दाताचं टोक १ मिमीहून जास्त उघडं असू शकतं. पूर्ण वाढलेल्या दातात ते आकसून साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास येतं. एवढ्या फटीतून रक्त, पेशी आणि केशवाहिन्या आत याव्यात ही अपेक्षा मोठी आहे. कुत्र्यांच्या दातांवरील २०१३ च्या एका अभ्यासात ०.३२ मिमी छिद्रातूनही ऊती आत वाढल्याचं दिसलं. माणसांतील केसेसचा आढावा घेतला तर ०.५ ते १ मिमी या टप्प्यातले निकाल जास्त चांगले दिसतात. फाईलच्या, म्हणजे पोकळी घासायच्या बारीक सळईच्या, भाषेत सांगायचं तर ०.५ मिमी म्हणजे ५० नंबर. म्हणून प्रौढ दातात टोक थोडं रुंद करावं लागतं, आणि रुंद करताना मुळाच्या भिंती नाहक खरवडल्या जाणार नाहीत याचा तोल सांभाळावा लागतो.

दुसरी अडचण पेशींची. वाढत्या मुळाच्या टोकाशी 'एपिकल पॅपिला' नावाचा मऊ भाग असतो, त्यात मूळपेशींचा मोठा साठा असतो. मूळ पूर्ण झालं की तो साठा संपतो. तरी हात रिकामे नाहीत: पूर्ण वाढलेल्या दातातही टोकाबाहेरून रक्त आणलं की त्यासोबत मेसेनकायमल (हाड, तंतू अशा ऊती बनवू शकणाऱ्या) मूळपेशींच्या खुणा पोकळीत सापडतात, हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं आहे. त्या बहुधा मुळाभोवतीचं हाड आणि तंतू इथून येतात. आत नस तयार न होता हाडासारखा, सिमेंटमसारखा भाग का तयार होतो, याचं एक कारण इथेच दडलं आहे.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वात निर्णायक अडचण म्हणजे जुनाट जंतुसंसर्ग. प्रौढ दाताची नस अनेकदा कित्येक वर्षं मेलेली असते. जंतू तोवर भिंतीवर थर करून बसलेले असतात आणि डेंटिनच्या सूक्ष्म नळ्यांमध्ये खोल गेलेले असतात. अरुंद, फाटे फुटलेल्या पोकळीत द्रव सगळीकडे पोचत नाही.

कोणता दात यासाठी योग्य?

समोरचे दात, सुळे आणि एकच सरळ पोकळी असलेल्या उपदाढा. मार लागून नस मेलेली पण वरचा दात बऱ्यापैकी शाबूत, मुळाच्या टोकाशी एक्स-रेत काळा डाग, हिरडी निरोगी, रुग्ण तपासणीला वेळेवर येणारा: असा दात असेल तर विचार करायला हरकत नाही. डागामुळे किंवा मुळाच्या झिजेमुळे टोक आधीच थोडं उघडलं असेल तर काम आणखी सोपं.

आणि कोणत्या दातात नको?

मागची दाढ शक्यतो नको. तीन-चार अरुंद, वाकड्या पोकळ्या, त्यांना जोडणाऱ्या चिरा आणि प्रत्येकीत रक्त आणण्याची कसरत. एवढ्यातली एक पोकळी फसली तरी सगळा दात फसतो. वरचा दात इतका मोडला असेल की आधाराला पोस्ट (मुळात रोवलेली खुंटी) बसवावा लागेल, तर पोस्टसाठी जी जागा हवी तीच इथे रक्तासाठी सोडायची असते. म्हणून असा दात बाद. मुळाला उभी चीर, हिरडीचा पुढे गेलेला आजार, हाडाला चिकटून विरघळत चाललेलं मूळ, रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावताच येणार नाही इतका कमी उरलेला दात, यांतही नको.

ठरवण्याआधी कोणत्या तपासण्या व्हायला हव्यात?

नस मेली आहे हे आधी नक्की करावं लागतं. थंडाची चाचणी आणि विजेची चाचणी, दोन्ही शेजारच्या आणि विरुद्ध बाजूच्या निरोगी दाताशी ताडून पाहतात. मार लागल्यावर पहिले काही आठवडे, कधी काही महिनेही, जिवंत नससुद्धा प्रतिसाद देत नाही. तेवढ्यावरून दात उघडण्याची घाई करू नये. हिरडीभोवती चहूबाजूंनी प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) फिरवतात. एकाच जागी तो एकदम खोल गेला तर उभ्या चिरेचा संशय घ्यायचा. साधा एक्स-रे लागतोच. छिद्राचा व्यास, डागाचा खरा आकार आणि लपलेली दुसरी पोकळी बघायला छोट्या क्षेत्राचा सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे) उपयोगी पडतो.

पहिल्या भेटीत काय करतात?

भूल देतात आणि रबर डॅम लावतात. रबर डॅमशिवाय हा उपचार सुरूच करू नये; लाळेचा एक थेंब आत गेला तरी सगळ्या मेहनतीवर पाणी. मग कीड आणि जुनं भरण पूर्ण काढून दात उघडतात आणि एपेक्स लोकेटर (मुळाचं टोक शोधणारं विजेचं उपकरण) व एक्स-रेने लांबी मोजतात.

मुलांच्या पातळ मुळात फाईल जवळजवळ फिरवतच नाहीत. प्रौढ दातात मात्र हलकी फाईलिंग लागते. जंतूंचा थर भिंतीवरून मोडण्यासाठीही, आणि टोकापर्यंत द्रव पोचावा म्हणूनही.

नंतर धुणं. १.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, प्रत्येक पोकळीसाठी २० मिली, ५ मिनिटांत. म्हणजे ५ मिलीच्या चार सिरिंज, एकेक सव्वा मिनिट घेऊन. सुई ३० गेजची, बाजूला छिद्र असलेली, टोकापासून सुमारे १ मिमी अलीकडे, आणि पोकळीत सैल हलती. ती अडकली आणि दट्ट्या दाबला तर द्रव हाडात जातो: त्या क्षणी तीव्र कळ, काही मिनिटांत सूज, पुढे निळसर डाग. हायपोक्लोराइटनंतर सलाईनने धुऊन १७ टक्के ईडीटीए (डेंटिनमधलं कॅल्शियम ओढून घेणारं द्रावण), तेवढंच प्रमाण, तेवढाच वेळ. मधलं सलाईन गाळू नये, कारण ईडीटीए हायपोक्लोराइटमधला सक्रिय क्लोरीन खाऊन टाकतो.

पेपर पॉइंटने पोकळी कोरडी करतात, आत औषध भरतात आणि वर ३ ते ४ मिमी जाडीचं तात्पुरतं भरण करतात. जाडी इथे महत्त्वाची आहे. दीड-दोन मिलिमीटरचं भरण दिसायला ठीक दिसतं, पण चावण्याच्या दाबाने कडेने सुटतं आणि दुसऱ्या भेटीपर्यंत पोकळी पुन्हा जंतूंनी भरलेली असते. पुढची भेट १ ते ४ आठवड्यांनी.

हायपोक्लोराइट नेहमीपेक्षा सौम्य का? जंतू मारायला कडक नको का?

५ टक्क्यांच्या आसपासचं द्रावण जंतू जास्त मारतं, पण डेंटिनचा पृष्ठभागही असा करून टाकतं की नंतर आलेल्या पेशी त्यावर जगत नाहीत. १.५ टक्के हा त्यातला मध्यममार्ग. ३ टक्क्यांच्या बाटलीत समभाग डिस्टिल्ड वॉटर घातलं की १.५ टक्के होतं, ५.२५ टक्के असेल तर एक भागाला अडीच भाग पाणी. पातळ केलेलं द्रावण लवकर निकामी होतं, म्हणून त्या दिवसापुरतंच करावं.

ईडीटीएचं काम उलट दिशेचं. ते डेंटिनमध्ये अडकलेले टीजीएफ-बीटासारखे वाढीचे घटक मोकळे करतं आणि पेशींना चिकटायला जागा देतं. म्हणून दुसऱ्या भेटीत शेवटचा मान ईडीटीएचा, हायपोक्लोराइटचा नाही. क्लोरहेक्सिडिन या उपचारात टाळलेलंच बरं: ते पेशींना मारक आहे, भिंतीला चिकटून राहतं आणि हायपोक्लोराइटशी गाठ पडली की तपकिरी साका धरतं.

आत कोणतं औषध भरतात?

एकतर कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा प्रतिजैविकांची पेस्ट. तीन औषधांच्या पेस्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन, मेट्रोनिडॅझोल आणि मिनोसायक्लिन समप्रमाणात असतात. ती घट्ट लगद्यासारखी भरायची जुनी पद्धत पेशींसाठी घातक ठरली. आता १ ते ५ मिग्रॅ प्रतिमिली एवढी विरळ ठेवतात. इतकं विरळ मिश्रण पाण्यासारखं वाहतं, म्हणून मिथाइलसेल्युलोजसारख्या जेलमध्ये मिसळतात. मिनोसायक्लिनने दात करडा-निळसर होतो, त्यामुळे समोरच्या दातात ते वगळून दोनच औषधं वापरतात.

आमचा कल कॅल्शियम हायड्रॉक्साइडकडे. मिळायला सोपं, ॲलर्जीचा धोका नगण्य, पेशींना अनुकूल. प्रतिजैविकं राखून ठेवावीत ती दुसऱ्या भेटीलाही पू किंवा पुळी दिसत असेल तेव्हासाठी.

दुसऱ्या भेटीत रक्त कसं आणतात?

आधी बघतात की दुखणं, सूज, पुळी, पाझर सगळं थांबलंय का. नसेल थांबलं तर रक्त आणत नाहीत; पुन्हा धुतात, औषध बदलतात, आणखी काही आठवडे थांबतात. ही पायरी घाईने ओलांडली की पुढचं सगळं वाया जातं.

सगळं शांत असेल तर ३ टक्के मेपिव्हॅकेनची भूल, ॲड्रेनालिनशिवाय. नेहमीच्या भुलेत ॲड्रेनालिन असतं, ते रक्तवाहिन्या आकसवतं, आणि इथे तर आपल्याला रक्तच हवं असतं. औषध धुऊन काढतात, १७ टक्के ईडीटीए २० मिली फिरवतात, पोकळी कोरडी करतात. मग टोकाला किंचित वाकवलेली के-फाईल छिद्रापलीकडे सुमारे २ मिमी नेऊन फिरवतात. आधी फाईलच्या टोकाला लाली लागते, मग पोकळीतून रक्त वर चढताना दिसतं. ते हिरडीच्या रेषेपर्यंत येऊ देतात, सलाईनमध्ये भिजवून पिळलेला कापसाचा बोळा वर धरतात आणि सुमारे १५ मिनिटं गुठळी बसू देतात.

मग गुठळीवर कोलॅजेनचा छोटा तुकडा ठेवतात, त्यावर सुमारे ३ मिमी एमटीए किंवा बायोडेंटिन (ही दोन्ही दातासाठीची सिमेंटं), त्यावर ग्लास आयोनोमरचं भरण आणि शेवटी कॉम्पोझिट, म्हणजे दातरंगी भरण. कोलॅजेन गाळला तर सिमेंट ओल्या गुठळीत खाली घसरतं, आणि एक्स-रेत ते मुळाच्या मध्यावर दिसल्यावर मग हळहळून उपयोग नसतो. बायोडेंटिन साधारण १२ मिनिटांत घट्ट होतं. मूळच्या एमटीएला पावणेतीन तास लागतात. ते वापरलं तर त्यावरचं भरण घाईने दाबू नये.

रक्त आलंच नाही तर?

प्रौढ दातात हे पुष्कळदा होतं. कारणं ठरलेली: ॲड्रेनालिनची भूल, छिद्र फारच अरुंद, टोकाशी चुऱ्याचा बूच बसलेला, किंवा फाईल बाहेर गेलीच नाही. लांबी पुन्हा तपासून, टोक आणखी एक-दोन नंबरने रुंद करून पाहता येतं. तेवढ्यानेही जमलं नाही तर पीआरएफ (रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेली जाळी, पुढच्या प्रश्नात पाहा), नाहीतर सरळ नेहमीचं रूट कॅनल. अर्धी पोकळी रक्ताने भरलेली आणि अर्धी रिकामी सोडून वर झाकण घालणं हा पर्याय नव्हे.

पीआरएफ म्हणजे काय, आणि ते घेतलंच पाहिजे का?

रुग्णाच्याच हाताच्या शिरेतून रक्त घेऊन, गुठळी रोखणारं कोणतंही रसायन नसलेल्या नळीत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की मधल्या थरात फायब्रिनची पिवळसर, लवचीक जाळी तयार होते. तीच पीआरएफ. रक्त घेतल्यापासून मिनिट-दोन मिनिटांत नळी यंत्रात गेली नाही तर रक्त आधीच गोठतं आणि जाळी धड बनत नाही. तयार जाळीचे बारीक तुकडे करून पोकळीत हलकेच दाबतात. ती वाढीचे घटक हळूहळू सोडत राहते आणि सिमेंट टेकवायला चांगला आधार देते. मात्र साध्या गुठळीपेक्षा तिचे निकाल दर वेळी वरचढ येतात असं नाही. रक्त नीट येत असेल तर पीआरएफचा अट्टहास नको.

दुखतं का?

पहिल्या भेटीत नाही. दुसऱ्या भेटीत फाईल टोकाबाहेर जाते तेव्हा कळ येऊ शकते, कारण बिना-ॲड्रेनालिनची भूल लवकर उतरते. नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं स्वाभाविक आहे. नेहमीची वेदनाशामक गोळी पुरते. सूज वाढत जाणं, ताप, गिळायला त्रास किंवा डोळ्यापर्यंत सूज पोचणं हे मात्र थांबण्यासारखं नाही. त्याच दिवशी दाखवावं.

दात काळा पडेल का?

शक्यता आहे, आणि समोरच्या दाताच्या रुग्णाला हे आधीच सांगायला हवं. गुन्हेगार तिघे: मिनोसायक्लिन, बिस्मथ ऑक्साइड असलेलं एमटीए आणि दाताच्या वरच्या भागात राहून गेलेलं रक्त. पांढऱ्या एमटीएनेही डाग पडतो. 'पांढरं' या शब्दावर विसंबू नये. बिस्मथ नसलेलं सिमेंट वापरावं, ते हिरडीच्या रेषेखाली सुमारे २ मिमीवर थांबवावं, आणि वरच्या भागाच्या भिंती पुसून बाँडिंगचा थर आधीच लावून ठेवावा. डाग पडलाच तर आतून ब्लीचिंग करता येतं.

उपचार यशस्वी झाला हे कसं कळतं?

त्रास, सूज आणि पुळी नाहीशी होणं, आणि एक्स-रेत टोकाचा काळा डाग भरत जाणं: प्रौढ दातासाठी यश मोजायची कसोटी एवढीच. एक्स-रे ६, १२ आणि २४ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, पाच वर्षांपर्यंत. सहा महिन्यांत डाग आकसायला लागला तर दिशा बरोबर आहे. पूर्ण भरायला वर्ष-दोन वर्षं, मोठा डाग असेल तर चार वर्षंही लागू शकतात. आधीचा आणि नंतरचा एक्स-रे एकाच कोनातून काढलेला असावा, नाहीतर कोन बदलल्यानेच डाग लहान दिसतो आणि सगळे खूश होतात.

वर्षभरानंतर दाताला थंड जाणवायला लागलं. म्हणजे नस आली का?

चांगलं लक्षण आहे, पण त्यावरून 'नस आली' म्हणता येत नाही. आत आलेल्या ऊतीत चेतातंतू शिरले की प्रतिसाद मिळतो. ती ऊती पल्पच आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. आणि उलटंही तितकंच खरं: वर सिमेंट आणि भरणाचा इतका जाड थर असतो की जिवंत ऊती असूनही थंड तिथवर पोचत नाही. प्रतिसाद नाही म्हणून फसलं, असं समजू नये.

काय बिघडू शकतं?

संसर्ग परत येणं हे सर्वात महत्त्वाचं. महिन्या-दोन महिन्यांत परतला तर सफाई अपुरी होती. दोन-तीन वर्षांनी परतला तर बहुधा वरचं भरण गळतंय.

दुसरी गोष्ट म्हणजे पोकळी कठीण पदार्थाने भरून जाणं. आत आलेली हाडासारखी ऊती वाढत जाऊन पोकळी जवळजवळ बंद करते. दात दुखत नाही, डागही भरलेला असतो, म्हणून याला अपयश म्हणत नाहीत. पण पुढे कधी पुन्हा आत जावं लागलं तर वाट सापडणं कठीण. क्वचित मुळाची आतून किंवा बाहेरून झीजही होते, विशेषतः मार लागलेल्या दातात. एक्स-रेच्या तारखा चुकवू नयेत त्या यासाठी.

फसलं तर दात जातो का?

सहसा नाही. सिमेंटचं झाकण काढून नेहमीचं रूट कॅनल करता येतं, फक्त ते जास्त वेळखाऊ होतं. सूक्ष्मदर्शक आणि अल्ट्रासॉनिक टोकं हाताशी असलेल्या दवाखान्यात हे काम करून घ्यावं.

आधी रूट कॅनल झालेल्या दातात हे करता येईल का?

तशा केसेस प्रसिद्ध झाल्या आहेत, पण आम्ही सुचवणार नाही. गट्टा-पर्चा आणि सीलर भिंतीवरून शंभर टक्के निघत नाही, ते विरघळवायला वापरलेलं रसायन पेशींना बाधतं, आणि अशा दातातले जंतू आधीच्या उपचारातून तगून राहिलेले, चिवट असतात.

नंतर कॅप घालावी लागेल का?

समोरच्या दातात फक्त आत जाण्याचं छिद्र असेल तर कॉम्पोझिट पुरतं. उपदाढेचे दोन्ही कडेचे भाग गेलेले असतील तर कस्प (चावण्याचे उंचवटे) झाकणारं ऑनले किंवा कॅप हवी. आतली ऊती जिवंत झाली म्हणून दात चावण्याचा दाब जास्त सहन करत नाही.

मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण असेल तर?

साखर नियंत्रणात नसेल तर हाड भरायला वेळ लागतो. आधी साखर आटोक्यात आणावी. रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नये, तुमच्या फिजिशियनशी बोलून ठरवावं. गरोदरपणात मिनोसायक्लिन वर्ज्य आहे. दुखणं आणि संसर्ग यांवर उपचार घ्यावेतच, पण ही पद्धत बाळंतपणानंतरसाठी ठेवावी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिसफॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब चालू असेल, किंवा जबड्याला रेडिएशन झालं असेल, तर मुद्दाम टोकाबाहेर जखम करणारा हा उपचार नको. नेहमीचं रूट कॅनल बरं. तिन्हींपैकी कोणत्याही प्रतिजैविकाची ॲलर्जी असल्यास पहिल्याच भेटीत सांगावं.

मूळपेशी बाहेरून सोडून खरी नस तयार करता येते, असं वाचलं. ते कुठवर आलंय?

संशोधनात पुढे गेलंय, दवाखान्यात अजून नाही. २०१७ मध्ये जपानमधील नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवर पल्पच्या मूळपेशींची प्राथमिक चाचणी प्रसिद्ध केली, पण त्या दातांची नस सुजलेली होती, मेलेली नव्हती. २०१८ मध्ये चीनमधील गटाने मुलांच्याच दुधाच्या दातातून घेतलेल्या पेशी त्यांच्या मार लागलेल्या, अर्धवट वाढलेल्या दातांत सोडल्या. प्रौढांच्या मेलेल्या नसेच्या सर्वात जवळची चाचणी २०२० ची, चिलीतली: ३६ रुग्ण, पूर्ण वाढलेले दात, नाळेतून घेतलेल्या मूळपेशी. सुरक्षितता आणि प्रतिसाद दोन्ही आशादायक दिसले. अशा पेशी वाढवायला औषधनिर्मितीच्या दर्जाची प्रयोगशाळा आणि नियामकांची परवानगी लागते. खुर्चीवर बसल्या बसल्या कुणी 'स्टेम सेल टाकून देतो' म्हणत असेल, तर तो फार तर पीआरएफबद्दल बोलत असेल.

डॉक्टरांना आधी काय विचारावं?

माझ्या दाताच्या टोकाचं छिद्र किती आहे आणि ते किती नंबरपर्यंत रुंद करणार? नेहमीच्या रूट कॅनलऐवजी हे का, याच दातासाठी? दुसऱ्या भेटीत रक्त आलं नाही तर त्याच दिवशी काय करणार? कोणतं सिमेंट वापरणार, आणि त्यात बिस्मथ आहे का? पहिल्या आणि शेवटच्या एक्स-रेच्या प्रती मला मिळतील का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'ही नवी पद्धत आहे म्हणून' असं मिळालं, तर दुसऱ्या एंडोडॉन्टिस्टचं (रूट कॅनलतज्ज्ञाचं) मत घ्यावं.